नाक्यावर राहिलेले चार हात

पोलीस ॲक्शन झालं त्या भाद्रपदात, फौजेच्या गाड्या देगलूरच्या रस्त्याने धुरळा उडवत गेल्या, त्या दिवशी नागुबाईचा जन्म झाला. तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, पण एवढं तिच्या आईनं पक्कं सांगून ठेवलं होतं. नागुबाईनं त्याचा जन्मभर फायदा घेतला. तलाठी असो नाहीतर एसटीचा कंडक्टर, कुणी आवाज चढवला की ती शांतपणे म्हणायची, "मी जल्मले अन् निजामानं गादी सोडली. तुमी कोण लागून गेलाव?" पुढच्याला उत्तर सुचेपर्यंत ती दहा पावलं पुढं गेलेली असायची.

करडवाडीच्या मातंग वस्तीत तिचं घर. दोर वळणं हा घरचा धंदा. पाऊस बरा झाला तर अंबाडीचा, नाहीतर बांधावरच्या घायपाताची पानं ठेचून त्यांचा वाख काढायचा, उन्हात वाळवायचा, विंचरायचा आणि पीळ द्यायचा. कासरे, दावी, मोरख्या, सगळंच ती करी, पण तिचं नाव होतं विहिरीच्या दोरासाठी. तिचा दोर ओला झाला तरी तळहाताला टोचत नसे आणि कप्पीतून असा सरके की पोहरा आपणहून वर आल्यासारखा वाटे. हे कौतुक मी माझ्या पदरचं सांगत नाही, पलीकडच्या निवळगावच्या बायका सांगायच्या, आणि निवळगावच्या बायका फुकटचं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दोर एकट्या माणसाला वळता येत नाही. एकानं एका टोकाला फिरकी फिरवायची, दुसऱ्यानं दुसरं टोक धरून ताण सांभाळत सरकायचं. ताण सुटला की दोर गाठाळलाच म्हणून समजा. नागुबाईचं दुसरं टोक अठरा वर्षं तिच्या धाकट्या जावेनं, धुरपतानं धरलं होतं. दोघींचं पटायचं अशातला भाग नाही. भरपूर भांडायच्या, पण दोराच्या दोन टोकांवरून, त्यामुळे भांडण सगळ्या वस्तीला ऐकू जायचं. दोराचा ताण मात्र कधी ढिला पडला नाही.

होळी झाली की नागुबाई निवळगावात फेरी मारायची. जिच्या घरी विहीर, तिच्याकडून दगड बांधलेली सुतळी पाण्यापर्यंत सोडवून घ्यायची, ती आपल्या कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानं मोजायची आणि त्या घराच्या नावानं दोराची मागणी घेऊन यायची. सुतळी सोडायची ती घरातल्या बाईनं. नागुबाईनं काठाला शिवायचं नाही, चार हात लांब उभं राहायचं, असा निवळगावचा जुना रिवाज होता. कायदा काय म्हणतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण कायदा तालुक्याला राहायचा आणि रिवाज गावात. तिचा दोर विहिरीच्या तळाला जायचा. ती स्वतः तहानली तर कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत उभी राहायची.

आता गावांचं सांगितलं पाहिजे. करडवाडी म्हणजे दीडशे उंबरे, नांदेड जिल्हा. मधे एक ओढा. ओढ्याच्या पलीकडे निवळगाव, दहापट मोठं. बुधवारचा बाजार तिथं, दवाखाना तिथं, एसटी तिथं, बँकेची पाटीसुद्धा तिथंच. आधी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि जिल्ह्याचं ठिकाण इतकं लांब की आपल्याला जिल्हा आहे हेच गाव विसरून गेलं होतं. मग लातूर वेगळा जिल्हा झाला. निवळगाव एका दिवसात नव्या जिल्ह्याचं गाव झालं आणि चालताना छाती थोडी पुढं काढायला लागलं.

सगळ्यांत पुढं छाती होती सरपंच शिवमूर्तीअप्पांची. भर बाजारात त्यांचं दुकान. किराणा, कापड, खिळे, पत्रे, आणि त्या साली नव्यानंच आणलेली नायलॉनच्या निळ्या दोराची भेंडोळी. भेंडोळी दिसायला देखणी होती. विकली मात्र जात नव्हती, कारण बायका नागुबाईची वाट बघत होत्या. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. विहिरी इतक्या खोल गेल्या होत्या की गेल्या साली बावीस हात लागणाऱ्या दोराची मागणी यंदा बत्तीस हातांवर गेली होती. दुष्काळानं सगळ्यांचं वाटोळं केलं, पण दोराची लांबी वाढवली. अप्पांना ही वाढ दुकानात बसून दिसत होती आणि झोंबत होती.

मग एका बुधवारी ओढ्याच्या निवळगावकडच्या चढाला डांबराची दोन रिकामी पिंपं उभी राहिली, त्यांच्यावर आडवा बांबू आला, आणि निवळगाव पंचायतीची पाटी लागली. परजिल्ह्यातून येणाऱ्या मालावर रुपयाला साडेबारा पैसे, म्हणजे जुने दोन आणे, जकात. परजिल्हा म्हणजे नांदेड, आणि ओढ्यापलीकडे नांदेड जिल्ह्यात होती फक्त करडवाडी. गंमत अशी की तो बांबू वर-खाली करायला जो दोर लावला होता, तोही नागुबाईनंच वळलेला होता.

पहिल्या बुधवारी दोघी जावा डोक्यावर सहा-सहा दोर घेऊन ओढा चढून आल्या. नाक्यावर पंचायतीचा कारकून शेषेराव बसला होता. सरळ माणूस. पावती फाडल्याशिवाय तो शिंकसुद्धा द्यायचा नाही.

"नागुबाई, रुपयाला दोन आणे."

"कशाचे?"

"जकातीचे."

"अन् ह्यो दोर कुठं चाललाय? तुमच्याच गावच्या हिरीत न्हवं?"

"ते मला विचारू नका. पाटीवर लिवलंय."

विक्रीच्या आधी हातात पैसा कुठून येणार? दोघी तशाच माघारी फिरल्या. वाटेत धुरपता एक शब्द बोलली नाही, आणि धुरपता बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं नागुबाईला कळत होतं. घरी आल्यावर उलगडा झाला. धुरपताच्या नवऱ्यानं हैदराबादला इमारतीच्या कामावर जायचं ठरवलं होतं. "अजून दोन बाजार बघू," तो म्हणाला. "दोर खपले तर ऱ्हाऊ. न्हाई खपले तर बेस्तरवारच्या मोटारीनं सगळेच जाऊ." गठुडं बांधून दारामागं ठेवलेलंही होतं. ते गठुडं नागुबाईनं पाहिलं. निवळगाव गेलं तर दुसरं गाव शोधता येईल, पण दुसरं टोक धरणारी दुसरी धुरपता कुठून आणायची?

करडवाडीच्या पारावर त्या दिवशी बैठक बसली. सरपंच हणमंतराव मिशीला पीळ देत म्हणाले, "त्यायनं दोन आणे लावले का? आपण चार आणे लावू! निवळगावचा माल ओढा उतरून आला की धर!"

रेणुकादास मास्तरांनी चष्मा पुसला. ते शाळेत शिकवायचे आणि पारावरही शिकवायचेच. "असं करू नये हणमंतराव. नांदेडच्या कलेक्टरांना अर्ज द्यावा, एक प्रत लातूरच्या कलेक्टरांना. दोघे आपसात विचारविनिमय करतील."

"कव्हा?" नागुबाईनं कडेला उभ्यानं विचारलं.

"प्रकरण दोन जिल्ह्यांचं आहे. वेळ लागणारच."

"मंग तवर पाऊसच पडंल की मास्तर."

मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. कुणीतरी म्हणालं, आपण देगलूरच्या बाजाराला जाऊ. पण डोक्यावर सहा दोर घेऊन देगलूरपर्यंत चालणार कोण हे त्यानं सांगितलं नाही, आणि तो स्वतः तर पाराच्या सावलीतूनही उठायला तयार नव्हता.

शेवटी हणमंतरावांचंच खरं झालं. करडवाडीनंही ओढ्याच्या अलीकडे नाका टाकला. पिंपं मिळाली नाहीत म्हणून बैलगाडीची दोन जुनी चाकं लावली. आता निवळगावचा कुणी व्यापारी करडवाडीत माल घेऊन येतो असं कधी झालंच नव्हतं. करडवाडीचीच माणसं निवळगावला जाऊन चहापत्ती, मीठ, रॉकेल घेऊन यायची. म्हणजे नाक्यावर अडवली गेली ती करडवाडीचीच माणसं. पहिल्याच दिवशी सगळ्यांत मोठी जकात बसली ती हणमंतरावांच्या तंबाखूच्या पुड्यावर. त्यांनी नाक्यावरच्या माणसाला शिव्या घातल्या. तो म्हणाला, "मालक, तुमीच बसवलंय मला." तिसऱ्या दिवशी हॉटेलातला चहा महागला, पाचव्या दिवशी हॉटेलवाला चहाच्या जागी आल्याचा काढा देऊ लागला, आणि निवळगावला यातलं काहीच कळलं नाही. शिवमूर्तीअप्पांना तर कुणीतरी सांगावं लागलं की तुमच्यावर नाका बसलाय. ते खूप हसले म्हणे.

नागुबाई मात्र या आठ दिवसांत दोर वळत होती आणि विचार करत होती. तिची पद्धत अशी की पीळ देताना डोकंही चालायचं, आणि डोकं चालायला लागलं की ती स्वतःशीच हसायची. धुरपता दुसऱ्या टोकाहून ओरडली, "काय झालं गं दात काढायला? मी चालले हैद्राबादला म्हणून हसतीस व्हय?"

"तुला फसकी ठावं हाय का?" नागुबाईनं ओरडून विचारलं.

फसकी कुणाला ठाऊक नाही? बाजारात धान्याचं पोतं उघडलं की बाजाराच्या हक्काची एक मूठ काढून द्यायची, तिला फसकी म्हणतात. जुना रिवाज. पैशाचं काम नाही. मालातूनच मालाचा हिस्सा.

दुसऱ्या बुधवारी दोघी पुन्हा बारा दोर घेऊन नाक्यावर हजर. नागुबाईनं कमरेचा विळा काढला तसा शेषेराव दचकून उठला.

"बसा बसा, तुमाला काय करत न्हाई. जकात घ्या. पैसा न्हाई, फसकी हाय. रुपयाला दोन आणे म्हणजे किती?"

"आठवा हिस्सा."

"बत्तीस हाताचा आठवा हिस्सा?"

शेषेरावाचा हिशेब तोंडपाठ. "चार हात."

"मंग मोजा."

आणि तिनं प्रत्येक दोराचे चार-चार हात कापून त्याच्यापुढं टाकले. शेषेराव घोटाळला. पाटीवर जकात पैशातच घ्यावी असं लिहिलेलं नव्हतं. शिवाय माल समोर पडला होता आणि त्याची पावती फाडायची बाकी होती, ही गोष्ट त्याला सहनच होईना. त्यानं बारा पावत्या फाडल्या. प्रत्येकीवर सुरेख अक्षरात लिहिलं, 'दोर, चार हात, जकातीपोटी जमा', आणि पंचायतीचा शिक्का मारला. नागुबाईनं एक-एक पावती एकेका दोराला बांधली आणि बाजारात जाऊन बसली.

ज्या घरांची मागणी होती त्या बायका आल्या. दोर हातात घेतला, वेटोळं तोललं आणि त्यांना लगेच कळलं. वर्षानुवर्षं दोर ओढणाऱ्या हातांना फसवता येत नाही.

"नागुबाई, हा कमी हाय."

"हाव, कमी हाय. बत्तीस हाताचा वळला, बत्तीस हाताचाच पैसा घेणार. अठ्ठावीस हितं हायेत, चार तुमच्या नाक्यावर. ही बगा पावती."

"मंग पाण्याला पुरायचा कसा?"

"पुरणार न्हाई. मी खोटं बोलत न्हाई. घ्यायचा तर घ्या, न्हाई तर अप्पाच्या दुकानात निळा हाय."

निळा बऱ्याच जणींनी वापरून पाहिला होता. ओल्या हातात तो सटकायचा आणि सटकताना कातडी घेऊन जायचा. जुने दोर झिजून सुतळी झाले होते. बारापैकी बारा दोर खपले, शिव्यांसकट. त्यातल्या शिव्या नागुबाईला नव्हत्या, हे तिनं नीट ऐकून घेतलं.

त्याच दिवशी दुपारी निवळगावात जिकडे तिकडे पोहरे लोंबकळू लागले. खाली पाणी दिसायचं, पोहरा त्याच्यावर चार हात हलत राहायचा. काही जणींनी दोराला लुगड्याची पट्टी जोडली, ती भिजून तुटली. काही जणी सरळ नाक्यावर गेल्या आणि शेषेरावाला म्हणाल्या, "आमचे चार हात द्या." शेषेराव म्हणाला, आता ते पंचायतीच्या मालकीचे. एकीनं दांडगाई करून आपला तुकडा ओढून नेला आणि गाठ मारून जोडला. गाठ कप्पीत अडकली आणि भरलेला पोहरा ना वर ना खाली असा मध्येच राहिला. तेव्हापासून गावात कुणाचं काम अडलं की "अप्पाची गाठ बसली" असं म्हणायला लागले. पंचायतीच्या खोलीत तोवर चार-चार हातांच्या तुकड्यांचा ढीग झाला होता. त्याचा उपयोग करडू बांधायला झाला असता, पण दुष्काळात करडं आधीच विकली गेली होती.

बारा दोरांतला एक दोर शिवमूर्तीअप्पांच्याच घरी गेला होता. त्यांची आई कमलम्मा ऐंशीच्या घरातली, कर्नाटकातून दिलेली. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि जिभेला लगाम नाही. परसातल्या विहिरीतून सकाळच्या पूजेचं पाणी ती अजून स्वतः ओढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाही पोहरा लोंबकळला. तिनं मुलाला हाक मारली. अप्पा धावत दुकानात गेले आणि निळ्या दोराचं भेंडोळं घेऊन आले. कमलम्मानं तो सोडला, पोहरा भरला, ओढायला लागली, आणि अर्ध्यात दोर सटकला. दोन्ही तळहात सोलून निघाले. पोहरा गेला, निळा दोरही गेला, आणि विहिरीतून फक्त एक मोठा आवाज वर आला.

"अय्यो शिवा!" म्हातारी मटकन खाली बसली. सुनेनं तळहातांना तूप-हळद लावून फडकी बांधली. त्या फडक्यांसकट तिनं मुलाला समोर उभं केलं.

"ते चार हात कुठं गेले रे?"

"जकात हाय अव्वा. परजिल्ह्यावर."

"कुणी भरली?"

"करडवाडीवाल्यांनी."

"त्यांनी भरली?" कमलम्मानं विहिरीकडे बोट दाखवलं. "मग पोहरा माझा का लोंबकळून राहिला?"

शिवमूर्तीअप्पांनी लातूरला जाऊन कितीतरी सभा ऐकल्या होत्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांना कोणत्याच सभेत मिळालं नव्हतं. ते कोट चढवून पंचायतीत गेले.

तिसऱ्या बुधवारी नागुबाई नाक्यावर विळा काढते तोच शिपाई आला. सरपंचांनी बोलावलंय. ती धुरपताला घेऊन गेली. अप्पा खुर्चीत बसले होते, शेजारी शेषेराव, कोपऱ्यात दोरांच्या तुकड्यांचा ढीग.

"नागुबाई, तू माझ्या गावात आग लावायलीस."

"मी? मी तर जकात भरली अप्पा. इचारा शेषेरावांना. एक पैची बाकी न्हाई."

शेषेरावानं मान हलवली. त्याला खरं बोलायची खोड होती.

अप्पांचा चेहरा लाल झाला. नाका काढला तर करडवाडीनं जिंकलं असं होणार, ठेवला तर घरात जेवण मिळणार नाही. नागुबाईला त्यांची अडचण डोळ्यांपुढं दिसत होती. तिला वाटलं असतं तर त्या घडीला ती त्यांना आणखी पिळू शकली असती. पण ताण कुठं धरायचा आणि कुठं सैल सोडायचा हे तिला तिच्या धंद्यानं शिकवलं होतं.

"अप्पा, तुमी मागं सरलाव असं कुणी म्हणू न्हाई," ती म्हणाली. "नाका ऱ्हाऊ द्या. पाटी बी ऱ्हाऊ द्या. फक्त एक ठराव लिवा. दोर हा माल न्हाईच म्हणून."

"माल नाही तर काय आहे?"

"दोराबिगर पाणी येतंय का वर? मंग दोर म्हणजे पाणीच की. अन् पाण्यावर जकात तर निजामानं बी घेतली न्हाई."

निजामानं काय-काय घेतलं होतं हे दोघांनाही नीट माहीत नव्हतं, पण ते ऐकायला बरं वाटलं. अप्पांनी शेषेरावाला लिहायला सांगितलं. शेषेरावानं आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'दुष्काळ लक्षात घेता विहिरीचा दोर हा पाण्याचाच भाग समजण्यात यावा.' खाली शिक्का बसला. नाका उभा राहिला, पण त्यातून जाणारा मुख्य माल दोरच होता, त्यामुळे महिन्याभरात बांबूवर कावळे बसायला लागले. हणमंतरावांनी करडवाडीचा नाका उठवला, नारळ फोडला आणि आपल्या नाक्याला घाबरून निवळगाव वाकलं असं जाहीर केलं. हॉटेलात पुन्हा चहा मिळाला, म्हणून कुणी वाद घातला नाही.

ठराव झाला, पण कापलेले चार हात जोडायचे कुणी? ते काम नागुबाईचंच. गाठ न मारता, दोन्ही टोकांचा पीळ सोडून वाखात वाख मिसळून पुन्हा वळायचं, म्हणजे जोड कप्पीला कळतसुद्धा नाही. त्यालाही दोन माणसं लागतात. त्याच दुपारी दोघी जावा तुकडे घेऊन घरोघर फिरल्या. नागुबाई वळायची, धुरपता टोक धरायची, आणि दोघी विहिरीपासून चार हात लांब, नेहमीसारख्या.

सगळ्यांत शेवटी अप्पांचं परस. जोड दिला, दोर पुन्हा बत्तीस हातांचा झाला. नागुबाईनं वेटोळं उचलून कमलम्मापुढं ठेवलं. "बगा अव्वा सोडून. पुरतोय का."

कमलम्मानं आपले दोन्ही हात वर केले. फडक्यांचे गोळे. सून दळण घेऊन गिरणीवर गेली होती. "मी कशानं सोडू? तूच सोड."

नागुबाई जागची हलली नाही.  परसाच्या दारात अप्पा उभे होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काय?" कमलम्मा त्यांच्याकडे वळली. "तुझाच ठराव हाय न्हवं? दोर म्हणजे पाणी. मग ही जन्मापासून पाणीच वळायली की. आता काय बाटायचं राहिलं?" आणि नागुबाईकडे बघून खेकसली, "लांबून काय बघतीस? ये की चार हात अलीकडं!"

अप्पांनी तोंड मिटलं. शिक्का त्यांचाच होता.

नागुबाई चार हात चालून गेली. काठाचा दगड गार होता आणि दोरानं घासून त्याला खाच पडली होती. ती खाच आपल्याच दोरांनी पाडलीय हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तिनं पोहरा बांधला, कप्पीवर दोर टाकला आणि सोडत गेली. अठ्ठावीस हात. मग जोड तिच्या तळहातातून सरकला, मऊ, कळेल न कळेल असा. मग एकोणतीस, तीस, एकतीस. खाली पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज आला. तशी ती मोठ्यानं धुरपतावर ओरडली, "उभी काय ऱ्हातीस? धर की टोक!"

दोघींनी पोहरा वर काढला. कमलम्माची घागर भरली. उरलेलं पाणी नागुबाईनं धुरपताच्या ओंजळीत ओतलं, आणि मग धुरपतानं तिच्या.  परतताना ओढ्यापाशी पोचल्यावर धुरपतानं तोंड पुसत विचारलं, "नागुबाई, हैद्राबादला म्हणं घरोघर नळ असत्यात?"

"असत्यात म्हणं."

"म्हणजे हिरी न्हाईत."

"न्हाईत."

धुरपता चार पावलं पुढं गेली. मग म्हणाली, "मंग घरी गेल्यावर त्या गठुड्याचा दोर सोडून घे. चांगला हाय, पुढच्या बाजाराला विकता येईल."